पुंजयामिकी आणि उद्याचे शिक्षक

पेडणे अथवा डिचोली तालुक्यातील एखाद्या उच्च माध्यमिक विद्यालयात बारावीच्या विज्ञान शाखेचा वर्ग वर्षाच्या उत्तरार्धात अणूपाशी येऊन ठेपतो. तोवर विद्युत्, चुंबकत्व, भिंगे, आरसे ह्यांतून मुले पार पडलेली असतात. ह्या साऱ्या विषयांत शिक्षकाची एक सोय असते. जे सांगावयाचे ते टेबलावर मांडून दाखविता येते. तारेतून वीज सोडली की चुंबकसूची वळते, भिंग पुढे सरकविले की पडद्यावरची मेणबत्ती उलटी दिसते. मग हे सारे मागे पडते आणि दोन-तीन आठवड्यांच्या आत मुलांस सांगितले जाते की, प्रकाश हा तरंग आहे आणि कणही आहे, इलेक्ट्रॉन हा कण आहे आणि तरंगही आहे. मुले वहीत लिहून घेतात. लिहून घेण्यात आपली मुले कधीच मागे नसतात. परंतु जो शिक्षक हे सांगतो त्याने स्वतः ते कसे शिकावे, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. आज मला त्याविषयीच बोलावयाचे आहे.

इंग्रजीत जिला क्वांटम मेकॅनिक्स म्हणतात तिला मराठीत पुंजयामिकी असा शब्द आहे. १९०० साली माक्स प्लांक ह्यांनी तिचा पाया घातला, १९०५ साली आइन्स्टाइन ह्यांनी तो प्रकाशाला लावला, १९२५ साली हायझेनबर्ग ह्यांनी आणि १९२६ साली श्रोडिंगर ह्यांनी तिला गणिताचे पूर्ण रूप दिले. त्या घटनेला शंभर वर्षे झाली म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष क्वांटम विज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. आपल्या केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय क्वांटम अभियानास संमती दिली व २०३०-३१ पर्यंतच्या काळासाठी सहा हजार कोटींहून अधिक रुपये त्यासाठी राखून ठेवले. त्या पैशातून प्रयोगशाळा उभ्या राहतील, ही आनंदाचीच गोष्ट आहे. तथापि त्या प्रयोगशाळांत काम करणारी माणसे कोठून यावयाची? ती कोठल्या तरी बारावीच्या वर्गातूनच यावयाची. डिचोलीतल्या खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद पडल्या, तेव्हा ज्या घरांचा संसार ट्रकवर चालत असे त्या घरांतील मुलांना शिक्षणाखेरीज दुसरा आधार राहिला नाही. पेडण्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांची वसाहत योजिली गेली आहे. इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे अर्धवाहकांचे शास्त्र, आणि अर्धवाहक हे पुंजयामिकीवाचून समजत नाहीत. तेव्हा हा विषय केवळ विद्वानांच्या चर्चेचा राहिलेला नाही.

आता भावी शिक्षकाकडे वळू. आपल्याकडे विज्ञानाचा शिक्षक बहुधा दोन पायऱ्यांनी घडतो. प्रथम भौतिकशास्त्राची पदवी, आणि त्यानंतर दोन वर्षांचा शिक्षणशास्त्राचा अभ्यासक्रम. गोव्यात हे शिक्षणशास्त्र पणजीच्या निर्मला इन्स्टिट्यूटमध्ये, फोंड्याच्या दादा वैद्य महाविद्यालयात आणि आपल्या पेडणे तालुक्यात हरमलच्या गणपत पार्सेकर महाविद्यालयात शिकविले जाते. पदवीच्या वर्गात विषय शिकवितात, शिक्षणशास्त्राच्या वर्गात शिकविण्याची रीत शिकवितात. अपवर्तन, ओहमचा नियम अशा विषयांत ह्या दोन्हींची सांगड उमेदवार स्वतःच घालू शकतो, कारण त्या गोष्टी तो लहानपणापासून पाहत आलेला असतो. पुंजयामिकीत मात्र ती सांगड कोणीतरी घालून द्यावी लागते. आणि नेमके तेथेच, पदवीवाल्यांना वाटते की हे काम शिक्षणशास्त्राचे आहे, आणि शिक्षणशास्त्रवाल्यांना वाटते की हे काम पदवीच्या वेळीच झालेले आहे.

माझ्या वर्गात सराव पाठ घेण्यासाठी दरवर्षी असे उमेदवार येतात. मागे एक मुलगी आली होती. हुशार, आवाज स्पष्ट, फळ्यावरचे अक्षर मोत्यासारखे. पाठाचे टाचण तर आमच्या जुन्या परीक्षकांनाही आवडावे असे. तिने द्विफटीचा प्रयोग समजावून दिला आणि म्हणाली, "म्हणजे इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन्ही फटींतून जातो." मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "टीचर, मग तो मध्ये फुटतो का?" उमेदवार क्षणभर थांबली व म्हणाली, "हे परीक्षेला येत नाही." वर्ग हसला, प्रश्न विचारणारी खाली बसली.

ह्यात त्या उमेदवाराला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. तास संपल्यावर आम्ही प्रयोगशाळेत बसलो. मी तिला पेटीत कोंडलेल्या कणाचे गणित घातले. तिने ते पाच मिनिटांत सोडविले, एक चिन्ह चुकले नाही. मग मी विचारले, "ह्या तरंगफलनाचा वर्ग काय सांगतो?"

"संभाव्यता, सर."

"कशाची?"

"इलेक्ट्रॉन तेथे असण्याची."

"असण्याची, की सापडण्याची?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. पदवीच्या तीन वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. आणि श्रोते हो, माझ्या मते सारी प्रास्ताविक पुंजयामिकी ह्या दोन साध्या मराठी क्रियापदांच्या अंतरात सामावलेली आहे. १९२६ साली माक्स बॉर्न ह्यांनी जो नियम दिला तो सापडण्याचा आहे. इलेक्ट्रॉन टिपला तर तो येथे सापडण्याचा संभव किती, हे गणित सांगते, आणि ते आजवर एकदाही खोटे ठरलेले नाही. टिपण्यापूर्वी तो कोठे 'होता' ह्याविषयी ते गणित मौन पाळते. त्या मौनाचा अर्थ काय, ह्यावर शंभर वर्षे वाद चालू आहे. शिक्षकाने वर्गात उभे राहून हे दोन भाग वेगळे ठेवता आले पाहिजेत. हे नक्की ठाऊक आहे, आणि ह्याच्या अर्थाविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. "मला ठाऊक नाही" आणि "अजून कोणालाच ठाऊक नाही" ही दोन अगदी निराळी उत्तरे आहेत. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला दुसरे उत्तर मिळावयास हवे होते. ते ऐकून कदाचित तिची झोप उडाली असती, आणि त्या वयात अशा कारणाने झोप उडणे वाईट नव्हे. फुटण्याविषयी मात्र तिला ठाम उत्तर देता आले असते. अर्धा इलेक्ट्रॉन आजवर कोणालाही सापडलेला नाही. पडद्यावर जेव्हा जेव्हा तो येतो तेव्हा अखंड येतो.

हे दाखविता येते काय? येते. जपानमध्ये हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात इलेक्ट्रॉन इतके विरळ सोडले होते की एका वेळी उपकरणात बहुधा एकच असे. पडद्यावर प्रथम दहा-अकरा ठिपके दिसतात, वाटेल तसे विखुरलेले. दोनशे ठिपके झाले तरी काही उमगत नाही. सहा हजारांपाशी काहीतरी उभ्या ओळी असल्याचा भास होतो. चाळीस हजारांना त्या ओळी स्पष्ट होतात, आणि एक लक्ष चाळीस हजारांना तरंगांचे पट्टे अगदी आखल्यासारखे उमटतात. प्रत्येक ठिपका एकटा आलेला असतो, आणि पट्टे सर्वांचे मिळून झालेले असतात. त्या प्रयोगाची छोटी चित्रफीत आज कोणत्याही शिक्षकाच्या हातातील फोनवर पाहता येते. भावी शिक्षकांच्या वर्गात पुंजयामिकीचा आरंभ समीकरणाने न करता ह्या चित्रफितीने करावा, आणि ती पाहताना कोणी एक शब्दही बोलू नये, असे मला वाटते.

मला स्वतःला वर्गात ह्या प्रयोगासाठी एक दृष्टान्त उपयोगी पडतो. मिरगाचा पहिला पाऊस पडू लागला की कौलांवरून गळणारे थेंब अंगणातल्या तांबड्या मातीत टिपके पाडतात. पहिले चार टिपके कोठेही पडल्यासारखे वाटतात. घटकाभराने पाहावे तर वळचणीखाली खड्ड्यांची सरळ ओळ उठलेली असते. मुलांना हे लगेच पटते. पण शिक्षकाचे खरे काम येथून पुढे सुरू होते. दृष्टान्त कोठवर चालतो आणि कोठे मोडतो हे त्याने सांगितले पाहिजे. पावसाचा थेंब कोठल्या तरी एकाच पन्हळीतून येतो, आणि शेजारची पन्हळ बुजविली तरी त्याचे काही बिघडत नाही. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत दुसरी फट बुजविली की पट्टेच नाहीसे होतात. पूर्वी जेथे एकही ठिपका पडत नव्हता तेथे आता ठिपके पडू लागतात. एक वाट बंद केल्याने एखादी जागा अधिक पोहोचण्याजोगी व्हावी, असा पाऊस अद्याप कोठे पडलेला नाही. जो शिक्षक दृष्टान्त देतो पण त्याचा शेवट सांगत नाही, तो मुलांच्या डोक्यात एक चुकीचे चित्र घालतो, आणि ते पुढे महाविद्यालयातही निघत नाही.

अशा न मोडलेल्या दृष्टान्तांपैकी सर्वांत चिवट म्हणजे सूर्यमालेसारखा अणू. मध्ये केंद्रक आणि भोवती कक्षेत फिरणारे इलेक्ट्रॉन. हे चित्र १९१३ साली नील्स बोर ह्यांनी दिले आणि हायड्रोजनच्या वर्णरेषा त्यातून अचूक निघाल्या, म्हणून ते पाठ्यपुस्तकात ठाण मांडून बसले. जर्मनीत म्यूनिक येथे राइनर म्युलर आणि हार्टमुट वीस्नर ह्या दोन अध्यापकांनी शाळेतल्या वरच्या वर्गांसाठी पुंजयामिकीचा एक अभ्यासक्रम रचला व त्याचा वृत्तान्त २००२ साली प्रसिद्ध केला. जुन्या चित्रांकडे मुलांना नेणारा मार्ग त्यांनी कटाक्षाने टाळला आणि आरंभापासून एकेका प्रकाशकणाचे प्रयोग पुढे ठेवले. त्यांच्या वर्गांतील मुलांची समज नेहमीच्या रीतीने शिकलेल्या मुलांपेक्षा बरीच चांगली आढळली. तथापि त्यांचा मार्ग आपल्याला जसाच्या तसा घेता येणार नाही. आपल्या बारावीच्या परीक्षेत बोर ह्यांच्या अणूवर प्रश्न येतो, आणि त्याचे गुण मुलांना हवे असतात. मला तर बोर टाळण्याचे कारणही दिसत नाही. त्यांना एक थोर पण अपुरा प्रयत्न म्हणून शिकवावे, आणि ते कोठे अडले ते त्याच तासाला सांगावे. हेलियमच्या दोन इलेक्ट्रॉनांपाशीच ते गणित थांबते. खुद्द हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या पातळीतही बोर ह्यांच्या हिशेबाप्रमाणे इलेक्ट्रॉनला जो कोनीय संवेग असावयास हवा तो प्रत्यक्षात शून्य असतो. ज्याला फेरीचा संवेगच नाही तो फेऱ्या घालतो असे कसे म्हणावे? एवढा एक प्रश्न भावी शिक्षकाला नीट विचारला, तर तो आयुष्यात पुन्हा कधी "इलेक्ट्रॉन फिरतो" असे बेफिकिरीने म्हणणार नाही.

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि तो आपल्या भागात फार खोल आहे. पेडण्या-डिचोलीचे पुष्कळसे मूल सरकारी प्राथमिक शाळेत मराठीतून वा कोंकणीतून शिकते आणि पाचवीपासून इंग्रजीत जाते. पुस्तक इंग्रजीत असते, परंतु समजून घेण्याची वेळ आली की शिक्षक आणि मूल दोघेही घरच्या भाषेकडे वळतात. त्यावेळी शिक्षकाच्या तोंडी जो शब्द येईल त्यावर सारे अवलंबून असते. पुंज हाच शब्द घ्या. पुंज म्हणजे ढीग, रास. तेजःपुंज म्हटले की डोळ्यांपुढे तेजाची रास उभी राहते, तारकापुंज म्हटले की पुष्कळ तारे दिसतात. आणि क्वांटम ह्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ 'किती' एवढाच. प्लांक ह्यांना सांगावयाचे होते ते असे की, ठराविक रंगाच्या प्रकाशाच्या ऊर्जेचे एक अविभाज्य माप असते आणि त्याहून कमी ऊर्जा देता-घेता येत नाही. मुलाला मात्र पुंज ऐकून सर्वांत लहान मापाऐवजी मोठा ढीग आठवतो. शब्द वाईट नाही, आता तो रुळलेलाही आहे. पण तो वर्गात प्रथम उच्चारताना शिक्षकाने दोन मिनिटे त्याच्यापाशी थांबले पाहिजे.

मी अशा वेळी पोदेराची गोष्ट सांगतो. वाण्याकडे साखर हवी तेवढी मिळते, पोदेराकडे पाव नगावर मिळतो. अर्धा पाव मागितला तर तो हसतो. उंडो वेगळा, पोळी वेगळी, काकण वेगळे, प्रत्येकाची किंमत वेगळी. तसा तांबड्या प्रकाशाचा नग स्वस्त आणि निळ्याचा महाग. धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढावयाचा तर एका नगातच पुरेशी ऊर्जा हवी, स्वस्त नगांची टोपली ओतून काम भागत नाही. हा दृष्टान्तही मोडतो. पाव विकण्यापूर्वी टोपलीत मोजता येतात, आणि कोठला पाव कोठल्या वाटेने आला हे पोदेराला सांगता येते. प्रकाशाच्या नगाविषयी, तो टिपला जाण्यापूर्वी, असे काही सांगता येत नाही.

जुना शब्द नव्या अर्थाला लावला की जुना अर्थही पाठोपाठ येतो, ही अडचण ह्या भूमीत नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी राशोल येथे १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणात स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द योजिला, आणि काही ठिकाणी युरोपीय शब्द तसेच ठेवले. दोन्ही मार्गांत जोखीम होती हे त्यांना चांगले कळत असावे असे ग्रंथ वाचताना वाटते. आपल्यापुढेही हेच दोन मार्ग आहेत. पुंज म्हणावे की क्वांटम म्हणावे, ह्यात मला आग्रह नाही. भावी शिक्षकाला दोन्ही शब्द ठाऊक असावेत, आणि दोहोंच्या मर्यादा ठाऊक असाव्यात, इतकेच. विज्ञान मातृभाषेतून शिकविता येते असा विश्वास असणाऱ्यांत सत्येंद्रनाथ बोस अग्रणी होते. त्यांनी १९४८ साली बंगालीतून विज्ञानप्रसार करण्यासाठी बंगीय विज्ञान परिषद स्थापिली. आणि ज्या शोधामुळे त्यांचे नाव अजरामर झाले तोही शिकविण्याच्या गरजेतूनच निघाला. ढाक्याला विद्यार्थ्यांना प्लांक ह्यांचा नियम शिकविताना प्रचलित सिद्धता त्यांच्या मनास पटेना. तेव्हा १९२४ साली त्यांनी स्वतःची नवी सिद्धता रचली आणि ती आइन्स्टाइन ह्यांच्याकडे धाडली. जे स्वतःला पटत नाही ते वर्गात सांगावयाचे नाही, एवढ्या हट्टातून सांख्यिकीची एक नवी शाखा जन्मास आली.

आता कोणी म्हणेल की, शब्द झाले, दृष्टान्त झाले, पण टेबलावर काय मांडावयाचे? हा विषय खेड्यातल्या प्रयोगशाळेत दाखविता येत नाही हा समज मात्र सर्वस्वी चुकीचा आहे. तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी दिवे घ्यावेत. ते दोन-तीन रुपयांना मिळतात. तीन साधे सेल, दिवा जळू नये म्हणून एक रोध, जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याच्या कळीसारखा एक बदलता रोध, आणि एक मल्टिमीटर. खोलीत अंधार करून दाब हळूहळू वाढवावा आणि दिवा ज्या क्षणी मिणमिणू लागेल त्या क्षणीचा व्होल्टचा आकडा टिपावा. तांबडा सुमारे १.८ व्होल्टला जागा होतो, निळ्याला सुमारे २.५ व्होल्ट लागतात. वारंवारता जशी वाढते तसा दाबही वाढतो. व्होल्टला इलेक्ट्रॉनच्या विद्युत्‌भाराने गुणावे आणि प्रकाशाच्या वारंवारतेने भागावे, की प्लांक ह्यांचा स्थिरांक हाती येतो. आमच्या शाळेत तो ६ च्या थोडा वर येतो, दशांशानंतरची शून्ये मी येथे सांगत नाही. खरी किंमत ६.६२६ आहे. दहा टक्के उणे का येते, ह्याची चर्चा तर प्रयोगाहूनही मोलाची. दिवा नेमका केव्हा पेटला हे डोळ्यांना ठरविता येत नाही, आणि उष्णतेचीही थोडी मदत इलेक्ट्रॉनला होते. एक सूचना: नाताळात घरावर टांगावयाच्या नक्षत्रातला पांढरा एलईडी ह्या कामी उपयोगाचा नाही. तो आतून निळाच असतो, वर पिवळ्या भुकटीचा लेप दिलेला असतो.

उमेदवारांनी हा प्रयोग स्वतःच्या हातांनी केला, की मग त्यांना सांगावे की २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या ह्याच स्थिरांकावर आधारलेली आहे. पूर्वी पॅरिसजवळ सेव्ह्र येथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा म्हणजे किलो होता. आता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या तोलताना जो किलो वापरतात, त्याचे मूळ प्लांक ह्यांच्या आकड्यात आहे. हे ऐकून माझ्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते अन्य कोणत्याही वाक्याने येत नाहीत.

दुसरा प्रयोग पोलरॉइडच्या तीन तुकड्यांचा. उन्हाच्या काही चष्म्यांत पोलरॉइडच्या काचा असतात, समुद्रकिनाऱ्याच्या गावी असे मोडके चष्मे शोधावे लागत नाहीत. दोन तुकडे एकमेकांशी काटकोनात धरले की अंधार होतो. त्या दोहोंच्या मध्ये तिसरा तुकडा तिरपा, पंचेचाळीस अंशांत सरकविला की पुन्हा उजेड येतो. अडथळा वाढविला आणि प्रकाश वाढला! तरंगाच्या गणिताने हे सुटते हे खरे, पण "एकच प्रकाशकण आला तर त्याचे काय होईल?" असा प्रश्न विचारला की उमेदवार पुंजयामिकीच्या दारात येऊन उभा राहतो. कण अर्धा जात नाही. तो जातो किंवा अडतो, आणि आपण केवळ संभाव्यता सांगू शकतो. दोनच शक्यता असलेली ही सर्वांत साधी रचना. त्यासाठी लागणारे गणित म्हणजे दोन ओळींचे सदिश. पेटीतला कण आणि हायड्रोजन त्यानंतर यावेत. पदवीच्या अभ्यासक्रमात ह्याच्या उलट क्रम असतो, आणि मला वाटते की तो गणितज्ञांच्या सोयीचा आहे, शिक्षकांच्या नव्हे. गणित कमी करा असे मी म्हणत नाही. गणिताला डोळे येऊ द्या असे म्हणतो.

ह्या तयारीची आणखी एक निकड आहे. क्वांटम हा शब्द आता बाजारात आला आहे. गळ्यात घालावयाची पदके, पाणी शुद्ध करणाऱ्या कांड्या, दुरून रोग बरे करणारे उपचार, सर्वांवर तो शब्द चिकटविलेला दिसतो. "निरीक्षकाच्या मनाने वस्तू बदलते, म्हणून इच्छाशक्तीने आजार बदलेल," अशी युक्ती पुढे केली जाते. गावात अशा वेळी लोक विचारतात कोणाला? विज्ञानाच्या मास्तरांना. त्यांना जर सांगता आले की पुंजयामिकीतील निरीक्षण म्हणजे उपकरणाशी घडलेला संबंध, खोलीत कोणी नसले तरी पडद्यावर ठिपका उमटतोच, तर एखाद्या कुटुंबाचे पैसे आणि कदाचित रोग्याचे प्राणही वाचतील. मास्तर स्वतःच "सारे काही अनिश्चित आहे" एवढेच शिकलेले असतील तर ते तरी काय सांगणार? आणि सारे काही अनिश्चित नाहीच. वर्णरेषांचे जे आकडे पुंजयामिकी देते त्यांच्याइतके नेमके आकडे मानवी ज्ञानात फार थोडे असतील.

शेवटी पाठ्यपुस्तकाविषयी. उच्च माध्यमिक वर्गांसाठी असलेल्या एनसीईआरटीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून २०२२ साली, भार हलका करण्याच्या धोरणानुसार, डेव्हिसन व जर्मर ह्यांचा प्रयोग वगळण्यात आला. द ब्रॉय ह्यांचे सूत्र राहिले, त्याचा पुरावा गेला. इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो हे मुलांनी आता शिक्षकाच्या शब्दावर मानावयाचे. मला हे पटलेले नाही. पण पुस्तकातले पान गेले म्हणून फळ्यावर ते लिहिण्यास कोणाची मनाई नाही, आणि लागतो तो एकच तास. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत निकेलच्या एका तुकड्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा चालू असता अपघाताने नळीत हवा शिरली व निकेल गंजले. ते स्वच्छ करण्यासाठी बराच वेळ तापविले, तेव्हा त्यातले बारीक स्फटिक एकत्र येऊन थोडे मोठे स्फटिक झाले, आणि त्यानंतरचे आकडे पूर्वीसारखे येईनात. दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, उलगडा झाला. ५४ व्होल्टच्या दाबाने सोडलेले इलेक्ट्रॉन ५० अंशांच्या कोनात विशेष जोराने परततात. स्फटिकातील अणूंच्या अंतरावरून तरंगलांबी काढली तर ०.१६५ नॅनोमीटर येते. द ब्रॉय ह्यांच्या सूत्रात ५४ व्होल्ट घातले तर ०.१६७ येते. हे दुसरे उत्तर काढण्यास बारावीच्या मुलाला तीन ओळी पुरतात. उमेदवारांनी ते प्रथम स्वतः काढावे, मग मुलांकडून काढून घ्यावे, आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून तास संपेपर्यंत पुसू नयेत.